पॅरिशच्या शाळेची बातमी नेमकी कोणाला सांगायची?

पानवेल · ११ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार. मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका गावात राहते. आमच्या पॅरिशची, म्हणजे गावच्या चर्चच्या धर्मग्रामाची, पहिली ते चौथीची मराठी माध्यमाची अनुदानित प्राथमिक शाळा आहे. माझी आई, मी आणि माझी दोन्ही भावंडे तिथेच शिकलो. शाळेचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण निर्मळपासून पापडीपर्यंत विचारले तर हाच प्रश्न अनेकांच्या मनात असेल असे मला वाटते.

आमच्याकडे शाळेची बातमी सांगण्याची एक जुनी रीत आहे. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, शेवटच्या आशीर्वादाआधी, फादर पॅरिशच्या सूचना वाचतात आणि त्यांतच शाळेच्या सूचना येतात. कोणाचा विवाह ठरला, कोणत्या वाडीत जपमाळ आहे आणि पहिलीचे प्रवेश कधी सुरू होणार, हे सगळे एकाच कागदावर असते. आज सकाळी सातच्या मिस्सेत शाळेचे स्नेहसंमेलन २४ जानेवारीला असल्याचे वाचले गेले आणि पालकांनी अगत्याने यावे असे आवाहन झाले. मी बाकावरून सहज मागेपुढे पाहिले, तेव्हा ज्यांची मुले खरोखर या शाळेत आहेत अशी मला चारच घरे दिसली. शाळेचा पट आज ७८ आहे आणि त्यांतली पॅरिशमधली मुले ११ आहेत. बाकीची मुले वाड्यांमध्ये कामाला येणाऱ्या वारली कुटुंबांची, इमारतींच्या कामांवरच्या उत्तर प्रदेश-बिहारच्या मजुरांची आणि नाक्याजवळच्या चाळींतली आहेत.

दुपारी विहिरीजवळ एका मुलीची आई भेटली. तिची मुलगी संमेलनात तारपा नृत्यात आहे आणि गेले तीन आठवडे रोज सराव करते आहे. आईने मला विचारले, "ताई, त्या दिवशी शाळेला सुट्टी आहे का? पोरगी म्हणते दप्तर नको." मुलगी नाचणार आहे हे तिला ठाऊक होते, पण आपल्यालाही पाहायला बोलावले आहे हे तिच्यापर्यंत कोणी पोचवलेच नव्हते. ते निमंत्रण त्याच सकाळी साडेतीनशे लोकांसमोर वाचले गेले होते, आणि त्यांतल्या बहुतेकांची नातवंडे इंग्रजी शाळांत आहेत.

मी पॅरिश कौन्सिलवर आहे आणि १८ तारखेला आमची बैठक आहे. शाळेची बातमी आधी शाळेच्या फाटकावर, मुले सुटताना, मोठ्याने सांगितली जावी आणि मगच चर्चमध्ये वाचली जावी, असा प्रस्ताव मी मांडू इच्छिते. आपापल्या पॅरिशमधला अनुभव कृपया लिहावा.


काळा_फळा · ११ जानेवारी, रात्री १०:२५

पानवेल, तुमची मोजणी बरोबर असेल, पण प्रस्तावातला क्रम मला मान्य नाही. मी एका पॅरिश शाळेत ३३ वर्षे शिकवले. वेदीजवळून वाचलेली शाळेची सूचना हा नुसता निरोप नसतो, ती गावावर टाकलेली जबाबदारी असते.

एका जून महिन्यात वाऱ्याने आमच्या दुसरीच्या वर्गाची कौले उडाली. मी मुलांना व्हरांड्यात घेऊन बसले होते आणि पाणी तिथेही येत होते. रविवारी फादरांनी एवढेच वाचले की दुसरीचा वर्ग भिजतो आहे. मंगळवारी सकाळी अकरा माणसे शिड्या घेऊन उभी होती, आणि त्यांतल्या चौघांना तर मूलबाळही नव्हते. एकाने स्वतःच्या गोठ्याची राखून ठेवलेली कौले आणली. संध्याकाळपर्यंत छप्पर झाले आणि बुधवारी आम्ही सातचा पाढा कोरड्या जागेवर बसून म्हटला. ती सूचना फक्त पालकांना दिली असती तर शिड्या आल्या नसत्या. म्हणून चर्चमधले वाचन दुसऱ्या क्रमांकावर टाकू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.


सुकेळी · १२ जानेवारी, सकाळी ७:०२

मी दारात उभा राहणारा स्वयंसेवक आहे. सूचना सुरू झाल्या की निम्मे लोक पायऱ्या उतरू लागतात, त्यामुळे ती बातमी धड पॅरिशपर्यंतही पोचत नाही.


नाक्यावरचा_बाबा · १२ जानेवारी, दुपारी १:१५

या धाग्यावर ज्या बाकीच्या मुलांचा उल्लेख आहे, त्यांपैकी एकीचा मी बाप आहे. आम्ही मूळचे विक्रमगडकडचे, मी विजेची कामे करतो आणि माझी मुलगी अशाच एका शाळेत तिसरीत आहे. आम्ही ख्रिस्ती नाही.

शाळेने आम्हाला कधी परके मानले नाही, हे आधी लिहितो. पहिल्या वर्षी मुलीच्या टाचेला गळू झाले होते. सिस्टरांनी चार दिवस रोज मधल्या सुट्टीत ते कोमट पाण्याने धुतले आणि पाचव्या दिवशी मला बोलावून, जखम कशी बांधायची ते माझ्याकडून करून घेतले. नाताळच्या गोठ्यासाठी मुलांनी घरून काहीतरी आणायचे होते. माझ्या मुलीने गावाहून आणलेला भाताचा पेंढा नेला, आणि बाळ येशू त्यावर ठेवला आहे हे दाखवायला ती तिच्या आजीला शाळेपर्यंत घेऊन गेली.

बातमी मात्र आमच्यापर्यंत उशिरा येते. गेल्या वर्षी पालकसभेची तारीख मला सभा होऊन तीन दिवसांनी कळली, कारण चिठ्ठी गृहपाठाच्या वहीत चिकटवली होती आणि वही तपासण्यासाठी शाळेतच राहिली होती. चर्चमध्ये सूचना वाचली जाते याबद्दल माझी तक्रार नाही, बाईंनी लिहिलेली शिड्यांची हकिगत वाचून तर मुळीच नाही. ती आमच्यासाठीही कोठेतरी वाचली जावी आणि मोठ्याने वाचली जावी, एवढेच मागणे आहे, कारण आमच्या चाळीत अनेकांना अक्षरओळख नाही आणि आलेली चिठ्ठी घरोघरी वाचून दाखवणारा मी एकटाच आहे.


पट_आणि_टिपण · १२ जानेवारी, सायंकाळी ६:३०

मी शाळांच्या कार्यालयीन कामात आयुष्य घालवले आहे, म्हणून या चर्चेत पटाची बाजू मांडतो. अनुदानित शाळेतली शिक्षकांची पदे संचमान्यतेत, म्हणजे सरकारच्या वार्षिक पदमंजुरीत, ठरतात आणि त्यासाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० पर्यंत तीन आणि ९१ ते १२० पर्यंत चार शिक्षक असे प्रमाण आहे. पानवेल यांच्या शाळेचा पट ७८ आहे, म्हणजे चार वर्गांना तीन शिक्षक. अठरा मुले कमी झाली की दोनच शिक्षक उरतील आणि प्रत्येकाला दोन-दोन वर्ग एकत्र बसवावे लागतील. तिसरा शिक्षक अतिरिक्त ठरून दुसरीकडे समायोजनासाठी जाईल.

ही बातमी मी कोणत्याही रविवारी वाचली गेलेली ऐकलेली नाही. आपण संमेलन, निकाल आणि क्रीडास्पर्धा सांगतो, पण ज्या आकड्यावर शाळा उभी आहे तो कपाटातल्या नोंदवहीत ठेवतो. मजुरांची कुटुंबे काम बदलले की जागा बदलतात. ऑगस्टमध्ये एक बांधकाम संपले आणि सहा मुले गेली, हे मी पाहिले आहे. त्यांच्या आईवडिलांना आधी कोणी समजावले असते, तर दोन मुले आत्याकडे राहून वर्ष पूर्ण करू शकली असती, असे त्या आत्यानेच मला नंतर सांगितले.


दोन_दप्तरे · १२ जानेवारी, रात्री ९:५०

वर ज्यांची नातवंडे इंग्रजी शाळांत असल्याचे लिहिले आहे, त्यांतले एक घर माझे आहे, म्हणून उत्तर देणे मला आवश्यक वाटते. मी स्वतः पॅरिशच्या मराठी शाळेत शिकले आणि माझ्या मुलाला इंग्रजी माध्यमात घातले. दहावीनंतर विज्ञान शाखेत पहिले सहा महिने मला व्याख्याने समजत नव्हती. वर्गात हात वर करण्याची भीती तेव्हा बसली ती नोकरी लागेपर्यंत गेली नाही. मुलाच्या वाट्याला ते येऊ नये, म्हणून हा निर्णय मी पूर्ण विचार करून घेतला आहे.

त्याची किंमत काय, तेही लिहिते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनच्या जागी मराठी मिस्सा आली आणि आमच्या पिढीपर्यंत चौथीतले मूल मिस्सेतले बायबलचे पहिले वाचन स्वच्छ वाचत असे. गेल्या महिन्यात माझ्या मुलाला वाचनासाठी निवडले, तेव्हा त्याने ते सगळे रोमन अक्षरांत लिहून घेतले. 'प्रेषितांच्या कृत्यांतून घेतलेले वाचन' एवढे शीर्षक त्याने माझ्याकडून पाच वेळा म्हणून घेतले. तो वेदीजवळ उभा असताना मी बाकाची कड घट्ट धरून बसले होते.

म्हणून सूचना चर्चमध्येही वाचत राहा. माझे मूल त्या शाळेत नसले तरी ती शाळा माझी आहे, आणि आठवड्यातून एकदा तिचे नाव कानावर पडावे अशी माझी इच्छा आहे.


मतमाऊलीची_वाट · १३ जानेवारी, सकाळी ८:१०

मी श्रीरामपूर तालुक्यातला. सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेला आलेल्यांना आमचा भाग ठाऊक असेल. आमच्याकडच्या मिशनशाळांत इतर धर्मांची मुले पहिल्यापासूनच मोठ्या संख्येने होती, त्यामुळे फक्त चर्चमध्ये सांगून भागेल असे कोणाच्या मनातच आले नाही. मी लहान असताना आमचे मास्तर आठवडेबाजाराच्या दिवशी मिरचीच्या ओळीच्या तोंडाशी उभे राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्या पालकाला नावाने हाक मारून सांगत की सोमवारी देवीची लस आहे किंवा परीक्षेची तारीख बदलली आहे. पालक चुकून दिसला नाही, तर त्याच्या गावच्या भाजीवालीकडे निरोप ठेवला जाई.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा प्रश्न अधिक कठीण होता. तेव्हा मास्तर मुकादमाकडे जात आणि कोणते मूल बोर्डिंगात राहणार व कोणते बरोबर जाणार, याची यादी तिथेच बसून करत. पट_आणि_टिपण यांनी लिहिलेली बांधकामाची गोष्ट वाचून मला ते आठवले. तुमच्याकडे मुकादमाच्या जागी कंत्राटदार असेल. शाळेची बातमी त्याच्यापर्यंतही न्या, कारण कुटुंब कधी हलणार हे त्याला आईबापाच्या आधी ठाऊक असते.


मिसिसागाकर · १३ जानेवारी, सायंकाळी ७:४५

मूळचा वसईचा, आता कॅनडात ओंटारिओ प्रांतात. इथल्या कॅथलिक शाळांना सरकारी निधी मिळतो आणि तो हक्क १८६७ च्या राज्यघटनेपासून चालत आला आहे. प्राथमिक शाळेत प्रवेश घेताना मुलाचा किंवा पालकाचा बाप्तिस्म्याचा दाखला द्यावा लागतो. म्हणजे पानवेल यांनी वर्णन केलेल्या परिस्थितीच्या अगदी उलट चित्र आहे: वर्गात जवळपास सगळी मुले कॅथलिक आहेत.

तरीही माझ्या मुलींच्या शाळेची बातमी मला कधी चर्चमध्ये ऐकायला मिळाली नाही. ती फोनवर येते. प्रथम कम्युनियनची तयारी, पिझ्झाचा दिवस, बर्फामुळे बस रद्द, सगळे एकाच ठिकाणी. सोय मोठी आहे, पण आमच्या पॅरिशमधल्या एकाकी वृद्धांना शेजारच्या शाळेत काय चालले आहे याचा पत्ता नसतो, आणि ती शाळा चर्चच्या आवाराला लागून आहे. काळा_फळा बाईंना मी एवढेच सांगेन की तुमच्याकडे जे आहे ते एकदा गेले की पुन्हा उभे करणे फार अवघड असते.


मांडवीकाठ · १३ जानेवारी, रात्री १०:३०

गोव्याचा अनुभव भाषेबद्दल आहे, पण तो याच प्रश्नाशी जोडलेला आहे. १९९० मध्ये आमच्याकडे प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिकवणाऱ्या शाळांनाच अनुदान असे धोरण ठरले, तेव्हा आर्चडायोसीजच्या (चर्चच्या धर्मप्रांताच्या) शाळा इंग्रजीतून कोकणीकडे वळल्या. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदान देण्याचा निर्णय झाला, त्यावरून मोठे आंदोलन पेटले, आणि बहुतेक डायोसीजन शाळा पुन्हा इंग्रजीकडे गेल्या. दोन्ही बाजूंचे लोक मुलांच्या हिताबद्दल बोलत होते आणि दोघांनाही ते मनापासून वाटत होते, असे मी मानतो.

माझ्या घरात झालेला बदल मात्र लहान होता. माझ्या थोरल्या मुलाच्या वेळी शाळेचा कागद आजी वाचत असे आणि कोणत्या दिवशी पांढरे मोजे लागतात हे तिला पाठ असे. धाकट्याच्या वेळी कागद इंग्रजीत येऊ लागला आणि आजीने तो न उघडता माझ्या ताटाशेजारी ठेवायला सुरुवात केली. दोन_दप्तरे यांच्या निर्णयाला मी दोष देत नाही, मीही तेच केले. पण माध्यम कोणतेही असो, बातमी घरच्या भाषेत असावी, आणि तुमच्या शाळेत तर ती हिंदीतही सांगावी लागेल. त्याची तयारी आहे का?


आठवी_वाडी · १४ जानेवारी, सकाळी ६:५०

शाळा पॅरिशची आहे, हे विसरून कसे चालेल? संमेलनात यंदा संत गोन्सालो गार्सिया यांच्यावर नाटुकले आहे आणि गोन्सालोची भूमिका ख्रिस्ती नसलेल्या मुलाला दिली आहे, असे ऐकले. अकरा मुले आपली असताना ही भूमिका त्यांतल्या एकाला द्यायला हवी होती, असे मला प्रामाणिकपणे वाटते. बातमी कोठे वाचायची हा नंतरचा प्रश्न आहे. शाळेत आपले काय उरले, हा आधीचा.


धर्मशिक्षक · १४ जानेवारी, दुपारी २:२०

आठवी_वाडी यांचा प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

कॅथलिक शाळा कोणासाठी, याचे उत्तर आपल्या धर्मसभेनेच दिलेले आहे. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, त्यात गरिबांची, कुटुंबाच्या मायेला पारखी झालेल्यांची आणि ज्यांना श्रद्धेचे दान लाभलेले नाही त्यांचीही काळजी शाळांनी विशेषत्वाने वाहावी असे सांगितले आहे. त्याच जाहीरनाम्यात आईवडील हेच मुलांचे पहिले शिक्षक असल्याचे म्हटले आहे. हे दोन्ही एकत्र वाचले तर बिहारहून आलेली आई ही आपल्या शाळेची पाहुणी ठरत नाही. राज्यघटनेने अनुच्छेद ३० प्रमाणे आपल्याला शाळा चालवण्याचा हक्क दिला आहे, आणि अनुच्छेद २८ प्रमाणे अनुदानित शाळेत कोणत्याही मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. म्हणूनच आपल्या शाळांत कॅथलिक मुले धर्मशिक्षणाला आणि बाकीची नीतिशिक्षणाला, अशी विभागणी असते. ही संमती ज्यांच्याकडून घ्यायची, त्यांच्याशी बोलण्याची सवय शाळेला हवीच.

शिक्षणहक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ मे २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू नसल्याचे ठरवले, त्यामुळे आपल्यावर ते बंधन राहिले नाही. पण जे कायद्याने करावे लागत नाही ते आपण आपणहून करायला कोणाची मनाई आहे?

आता नाटुकल्याबद्दल. गोन्सालो वसईत जन्मले, जेझुइट मिशनऱ्यांबरोबर जपानला गेले, तिथली भाषा मनापासून शिकले आणि पुढे फ्रान्सिस्कन मिशनऱ्यांचे दुभाषे झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला त्यांना क्रुसावर हौतात्म्य आले. परक्या मुलखात परकी भाषा बोलून माणसांपर्यंत पोचणाऱ्या या संताची भूमिका, घरी भोजपुरी आणि शाळेत मराठी बोलणाऱ्या मुलाने करावी, यात मला आपले काही हरवलेले दिसत नाही. त्या मुलाचे संवाद मी सरावात ऐकले आहेत. 'वसई' हा शब्द तो फार जपून उच्चारतो.


आठवी_वाडी · १४ जानेवारी, रात्री ८:०५

दुभाष्याचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. तरीही पॅरिशची मुले परत यावीत असे मला वाटते आणि ते मी बैठकीत बोलेन. २४ तारखेला नाटुकले पाहायला मात्र नक्की येईन.


पानवेल · १८ जानेवारी, रात्री १०:१५

बैठक झाली. सर्वांचे प्रतिसाद छापून नेले होते आणि ते फिरवून वाचले गेले. काळा_फळा बाईंच्या शिड्यांची हकिगत ऐकताना कौन्सिलमधल्या सर्वांत वयस्कर काकांनी स्वतःही एका शाळेचे छप्पर शाकारल्याचे सांगितले. ठरले ते असे.

शनिवारी सकाळची शाळा सुटताना फाटकाजवळच्या आंब्याखाली बातमी वाचली जाईल, मराठीत आणि हिंदीत. वाचणारी मुले चौथीतली असतील आणि मजकूर तीच बाईंच्या मदतीने लिहितील. तोच कागद रविवारी चर्चमध्ये वाचला जाईल, पण सूचनांच्या अगदी सुरुवातीला, सुकेळी यांचे लोक पायऱ्यांपर्यंत पोचायच्या आत. पट दर महिन्याला जाहीर होईल. या मुद्द्यावर बराच वाद झाला, कारण आकडा ऐकून लोक घाबरतील असे काहींचे म्हणणे होते, पण फादरांनी स्वतः तो वाचण्याचे कबूल केले. सल्लागार पालकसमिती नेमण्याचा विषय मार्चपर्यंत पुढे गेला, याचे मला वाईट वाटते आणि तो मी सोडणार नाही. सेमी इंग्रजीचा प्रश्नही निघाला, पण त्याला स्वतंत्र बैठक लागेल.


नाक्यावरचा_बाबा · १९ जानेवारी, सकाळी ७:३०

हिंदीचा कागद तपासायला कोणी हवे असेल तर माझ्या शेजारच्या खोलीतले एक जण तयार आहेत. ते बनारसकडचे असून रंगकाम करतात. त्यांचा मुलगा तुमच्याच शाळेत असावा, कारण काल रात्री भिंतीपलीकडून "मी वसईचा गोन्सालो" असे पाचसहा वेळा ऐकू आले.


काळा_फळा · १९ जानेवारी, सकाळी ११:००

मुले स्वतः लिहिणार असतील तर माझा क्रमाबद्दलचा आग्रह मी मागे घेते. एक सूचना करते. वाचणाऱ्या मुलाला कागद आदल्या दिवशी घरी न्यायला द्या. मोठ्याने वाचण्याचा सराव घरच्यांसमोर झाला, तर बातमी शुक्रवारीच अर्ध्या चाळीत पोचलेली असेल.


पानवेल · २५ जानेवारी, दुपारी १२:४०

काल आणि आज जे वाचले गेले तो कागद जसाच्या तसा उतरवते आहे. चौथीच्या दोन मुलींनी लिहिला आहे. शुद्धलेखन बाईंनी तपासले, शब्द त्यांचेच आहेत.

"आमच्या शाळेत आज ७८ मुले आहेत. ४१ मुली आणि ३७ मुलगे. दुसरीतला एक मुलगा गावाला गेला होता, तो परत आला. आज संध्याकाळी पाच वाजता संमेलन आहे. सर्वांच्या आईंनी, बाबांनी आणि आजींनी यावे, तिकीट नाही. बसायला चटया आहेत, खुर्च्या आजींसाठी आहेत. बुधवारी एका घरी बाळाचा बाप्तिस्मा झाला, त्यांनी आम्हाला खिचडीबरोबर केळी आणि गोड बुंदी दिली. त्यांचे आभार. तिसरीच्या वर्गाचा नळ गळतो. तो कोणाला दुरुस्त करता येत असेल तर सोमवारी यावे."

शनिवारी आंब्याखाली तीसेक पालक थांबले होते. तारपा नाचणाऱ्या मुलीची आई सर्वांत पुढे होती. "आजींनी यावे" हे ऐकल्यावर तिने हिंदीचा कागद वाचणाऱ्या मुलीला, आजी ख्रिस्ती नसली तरी चालेल का, असे विचारले. मुलीने कागद पुन्हा वरपासून पाहिला आणि "तसे काही लिहिलेले नाही" असे सांगितले. संध्याकाळी आजी आल्या आणि खुर्ची सोडून चटईवर बसल्या.

आज चर्चमध्ये तोच कागद वाचला गेला, फक्त संमेलनाचे वाक्य 'झाले' असे बदलून.


सुकेळी · २५ जानेवारी, दुपारी १:२०

आज पायऱ्यांवर कोणी नव्हते. नळाचे वॉशर माझ्याकडे आहे, पण पाना लागेल.


नाक्यावरचा_बाबा · २५ जानेवारी, दुपारी १:३५

पाना मी आणतो. सोमवारी प्रजासत्ताक दिनाचे झेंडावंदन आहे, ते झाले की लगेच येऊ.